एका बॅचच्या मायलेकी

एकाच परीक्षेला मायलेकी बसल्या. लेक पास झाली आणि माय नापास.

निकालाचा कागद वर्गाच्या दाराला चिकटवला गेला, तेव्हा धुरपता बाळंतिणींच्या वॉर्डामागे बेडपॅन धूत होती. कमला आली ती धावत नाही, सावकाश चालत आली. पोरगी अशी चालत आली की धुरपताला काय ते समजायचं. ती लहानपणी मडकं फोडूनही अशीच यायची.

"माय, तुवं एका पेपरात राह्यलं," कमला म्हणाली.

"अन् तुवं?"

"मी पास झाली."

"बरं झालं," धुरपता म्हणाली. उरलेली भांडी तिने धुतली, उपडी घातली आणि पदराला हात पुसले. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण ते आलं नाही. फक्त कुठेतरी भिंतीला टेकून बसावं, असं फार वाटलं.

धुरपताचं वय तेव्हा चाळिशीच्या आसपास होतं. गाव नाचणगाव, पुलगावला लागून. नवरा बापूराव पुलगावच्या कापडगिरणीत साच्यावर कापड विणायचा. धुरपताची सासू गावची सुईण, त्यामुळे लग्न होऊन आल्यावर वर्षाच्या आत सासूच्या मागे कंदील धरून ती घरोघर जाऊ लागली. पुढे पुलगावच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी आसपासच्या सुइणी गोळा करून शिकवलं. हात कसे धुवायचे, नाळ कशाने कापायची, बाई कधी दवाखान्यात पाठवायची. त्याचं दाईचं सर्टिफिकेट धुरपताला मिळालं, आणि तालुक्याचा कारभार बघणाऱ्या जनपद सभेने नाचणगावात प्रसूतिकेंद्र काढलं तेव्हा तिथली दाई म्हणून तीच लागली. एक खोली, एक लोखंडी खाट, एक टिनाची पेटी. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जगात आली होती.

मग छप्पनचा दसरा आला. वस्तीतली सगळी माणसं नागपूरला गेली, दीक्षा घेऊन आली. धुरपताही गेली होती. परत आल्यावर वस्तीची बैठक बसली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, गावकीची कामं करायची नाहीत, असं ठरत ठरत गोष्ट धुरपतापाशी आली. ती काढली तिच्या दिरानेच. लहानू हा तरणाताठा, बोलायला तिखट आणि मनाने सरळ माणूस होता.

"वयनी, आपण सारं सोडलं. मंग त्यायच्या घरची वार उचलनं काऊन चालू ठेवाचं?" त्याने विचारलं.

धुरपता म्हणाली की ही सरकारी नोकरी आहे. लहानू म्हणाला, नोकरी असेल, पण नाव दाईच ना? बाळंतपण झालं की तुला मागच्या दाराने बोलावतात, घाण उचलायला लावतात आणि तू गेलीस की घर शिंपतात. हे काम सासूचं होतं, ते तुझ्याकडे आलं, उद्या कमलाकडे जाईल. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. बापूराव सहसा बैठकीत तोंड उघडायचा नाही. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला की दाई सोडायची असेल तर सोडू द्या, पण ती नर्स झाली तर कोणाची हरकत नसावी. लोकांना ते पटलं.

बापूराव हे हवेत बोलला नव्हता. त्याच सुमारास वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता, आणि वरून हुकूम आला होता की प्रसूतिकेंद्रावर यापुढे नोंदणी झालेली नर्सच पाहिजे. त्यासाठी वर्ध्याच्या जनाना दवाखान्यात सहायक नर्सचा दोन वर्षांचा वर्ग निघत होता. नोकरीतल्या दायांना वयाची आणि शाळेची अट सैल केली होती. वाचता-लिहिता आलं म्हणजे पुरे. धुरपता चौथी शिकलेली. कमला नववीपर्यंत पुलगावला जात होती, पण शाळा सुटून घरी बसली होती. दोघींनी अर्ज केला आणि दोघीही घेतल्या गेल्या. जनपद सभेने दोघींकडून लिहून घेतलं की शिकून झाल्यावर सभेच्या केंद्रावर काम करावं लागेल.

अशा त्या एका बॅचच्या झाल्या. निळ्या काठाची पांढरी साडी दोघींना सारखीच मिळाली. वर्गात मायलेकीचं नातं चालायचं नाही, असं ट्यूटर सुलोचना सिस्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं. एकमेकींना नर्स म्हणायचं. कमलाने ते कधी म्हटलं नाही. ती वर्गात मायला कोणत्याच नावाने हाक मारायची नाही, नुसती शेजारी येऊन उभी राहायची.

सुलोचना सिस्टर वर्ध्यातल्या एका किराणा व्यापाऱ्याची मुलगी होती. नर्स झाली म्हणून माहेरी तिचं ताट वेगळं मांडायचे, हे दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं. तिने नागपूरला मोठा कोर्स केला, मग दिल्लीला जाऊन शिकवण्याचं शिक्षण घेऊन आली. ती कडक होती आणि नेहमी दमलेली दिसायची, कारण वर्ग सांभाळून तिला दोन वॉर्डही सांभाळावे लागायचे. धुरपताला ती "धुरपताबाई" म्हणायची आणि तिच्या चुका मात्र इतर पोरींच्या चुकांसारख्याच दाखवायची.

चुका पुष्कळ व्हायच्या. बाळंतपणाच्या कामात धुरपताला फारसं सांगावं लागत नव्हतं. पण कोर्स बाळंतपणाचा एकट्याचा नव्हता. तापाचा तक्ता, देवीची लस, विषमज्वराच्या रोग्याची शुश्रूषा, मुलांचा आहार, जंतुनाशक औषधांची प्रमाणं, हे सगळं तिच्यासाठी नवं होतं. दिवसभर वॉर्डात उभं राहून संध्याकाळी पुस्तक उघडलं की अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागायची. शेजारी सतरा-अठरा वर्षांच्या पोरी घडाघडा पाठ करायच्या आणि धुरपता पुस्तकावर डोकं टेकून झोपून जायची. कमला तिला उठवायची. कधी कधी नाही उठवायची.

तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं की हात धुवायच्या लोशनमध्ये औषध किती आणि पाणी किती. धुरपता म्हणाली, रंग पाहून अंदाजाने घालते. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमचा अंदाज बरोबर असेल. पण उद्या तुमच्या जागी दुसरी आली, तिला तुमचे डोळे कुठून देऊ?" धुरपताला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच ते जास्त लागलं. तोंडी परीक्षेत ती कशीबशी तरली. लेखीतला शुश्रूषेचा पेपर मात्र गेला.

झालं असं की नाचणगावच्या केंद्रावर कमलाची नेमणूक झाली, नर्स म्हणून. धुरपताला पूर्वीसारखं दाई म्हणून ठेवलं, लेकीच्या हाताखाली. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा द्यायची मुभा होती.

कमलाला गावात यायचंच नव्हतं. निघण्याआधी सुलोचना सिस्टरने तिला बोलावून सांगितलं होतं की तुझ्यात मोठ्या कोर्सची कुवत आहे. बाहेरून मॅट्रिकला बस, इथे दवाखान्यात काम करत अभ्यास कर, मग मी तुला नागपूरला पाठवते. पण नाचणगावला दुसरी पास झालेली बाई मिळेपर्यंत सभा तिला सोडणार नव्हती. कमलाने हे मायला सांगितलं नाही. ते धुरपताला कळलं सिस्टरकडून, निरोप घ्यायला गेली तेव्हा. सिस्टर म्हणाली, "तुम्ही पास झाला असता तर मुलगी मोकळी झाली असती. मी तुम्हाला बोल लावत नाही, धुरपताबाई. फक्त माहीत असावं म्हणून सांगते."

केंद्र उघडलं. खाटेला रंग दिला, भिंतीला चुना लावला. कमला सह्या करायची, इंजेक्शनं द्यायची, पोरांची वजनं करायची. धुरपता पाणी तापवायची, कपडे उकळायची. दोघींना हे अवघड वाटत होतं. त्यातून गावाला कमला पोरच वाटायची. बायका येऊन तिला ओलांडून आत बघायच्या आणि विचारायच्या, तुझी माय कुठी गेली?

चैत्र सरत आला असताना बंडूजी व्यापाऱ्याच्या घरून बोलावणं आलं. त्याच्या सुनेचं पहिलं बाळंतपण होतं. कळा सकाळपासून चालू होत्या आणि आता ऊन डोक्यावर आलं होतं. मायलेकी पिशवी घेऊन निघाल्या. वाटेत कमलाने सांगून ठेवलं, "माय, पुढच्या दारानंच जाऊ."

बंडूजीची बायको रुख्मिणी ओसरीवर उभी होती. तिने धुरपताला पाहिलं आणि सवयीने बोळीकडे हात केला. गोठ्यातून मागच्या अंगणात आणि तिथून बाळंतिणीच्या खोलीत, हा धुरपताचा नेहमीचा रस्ता. कमला जागची हलली नाही. ती शांतपणे म्हणाली की आम्ही सरकारच्या केंद्रावरून आलो आहोत, पुढच्या दाराने येऊ, नाहीतर बाईला बैलगाडीत घालून केंद्रावर आणा. रुख्मिणी म्हणाली की माझा काही हट्ट नाही बाई, पण घरात सासरे आहेत, देव आहेत, आणि अशा वेळी वाद कशाला? कमला म्हणाली, वाद मी करत नाही. कमला आणि रुख्मिणी तशाच समोरासमोर उभ्या राहिल्या. आतून सुनेचं कण्हणं ऐकू येत होतं.

ते कण्हणं धुरपताच्या ओळखीचं होतं. त्या आवाजावरून किती वेळ उरला आहे ते तिला समजायचं, आणि फार वेळ उरलेला नव्हता. लेक बरोबर बोलत होती, हेही तिला समजत होतं. पण तिच्या अंगात त्या वेळी उभं राहण्याचंसुद्धा त्राण नव्हतं. आदल्या दिवसापासून तिची पाठ धरली होती. एकीकडे भांडण आणि एकीकडे काम, यातलं काम तिला सोपं होतं. ती बोळीत वळली, गोठ्यातून आत गेली, हात धुतले आणि बाईच्या पायाशी बसली.

मूल लवकर झालं. मुलगी, चांगली रडली. वारही पडली. पण रक्त थांबेना. धुरपताने पोट चोळलं, खाटेच्या पायथ्याखाली विटा घालायला लावल्या, पुन्हा चोळलं. पोटातला गोळा हाताखाली घट्ट व्हायचा आणि परत सैल पडायचा. सुनेचे ओठ पांढरे पडू लागले. याला काय लागतं ते धुरपताला माहीत होतं. दवाखान्यात सिस्टरच्या देखत ते इंजेक्शन तिने दिलंही होतं. पण नापास बाईने सुई धरायची नव्हती, आणि पिशवी बाहेर कमलाजवळ होती.

"कमले," तिने हाक मारली. मग रुख्मिणीकडे पाहून म्हणाली, "तिले आत येऊ द्या. लवकर."

रुख्मिणी बाहेर धावली. कमला गेली नव्हती. ओसरीच्या पायरीवर बसून तिने स्पिरिटचा दिवा पेटवला होता, सुई उकळून तयार ठेवली होती. ती उठली, पुढच्या दारातून, माजघरातून, देवघरासमोरून चालत आत आली. कोणी आडवं गेलं नाही. तिने इंजेक्शन दिलं, नाडी धरली आणि मायच्या हाताशेजारी आपला हात पोटावर ठेवला. हळूहळू गोळा घट्ट झाला आणि तसाच राहिला. रक्त थांबलं. कमलाने बैलगाडी मागवून बाईला पुलगावच्या दवाखान्यात नेलं, आणि धुरपता त्या घरात बाळाला पुसत बसून राहिली.

आठवड्याने सून घरी आली. सगळं ठीक झालं. पण धुरपता गोठ्यातून गेली ही बातमी वस्तीत पोचायची ती पोचली. लहानू दारात येऊन उभा राहिला. मान हलवली आणि गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर धुरपताला बरं वाटलं असतं.

कमला बोलली, पण तेही चार दिवसांनी, भाकरी थापताना.

"माय, तू मागून काऊन गेली?"

"मी थकली होती बाई," धुरपता म्हणाली. "भांडाले जोर नव्हता. हात चालवाले होता, म्हणून गेली."

कमलाने भाकरी उलटली. मग म्हणाली, "तू मागून गेली नसती तं बाई मेली असती. अन् मी पुढं बसली नसती तरी मेली असती. मले समजते थे. पण मी अठी राह्यली तं सारा जलम त्या ओसरीवर भांडतच राहीन माय. मले शिकाचं हाय."

एवढं बोलून तिने दुसरा गोळा हातात घेतला. धुरपता चुलीसमोर बसून राहिली. ही पोरगी आजवर आपल्याजवळ काही मागत आली नव्हती. आजही तिने मागितलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून धुरपताने पुस्तक काढलं. हौसेने नाही. पुस्तक पाहिलं की तिच्या कपाळात कळ यायची. कमलाने एक युक्ती काढली. ती पाठ करायला सांगायचीच नाही. ती स्वतः रोगी होऊन खाटेवर पडायची आणि म्हणायची, मले विषमज्वर झाला, आता तू काय करतं? धुरपता मग उठून करायची. अंग पुसायचं, ताप बघायचा, भांडी वेगळी ठेवायची, मैला पुरायचा. हाताने केलं की तोंडाने सांगता यायचं, आणि तोंडाने सांगता आलं की कमला ते लिहायला लावायची. प्रमाणांसाठी एक पेला आणि एक चमचा होता. रंग बघायचा नाही, असं कमला दरडावायची. बापूराव गिरणीतून आला की कोपऱ्यात बसून हे बघायचा. एकदा तो म्हणाला की मलाच रोगी कर, मला खरंच झोपायचं आहे. तिघंही हसली. त्या घरात हसू येऊन बरेच दिवस झाले होते.

भादव्यात पुन्हा परीक्षा झाली. या वेळी धुरपता एकटीच गेली. बाकावर तिच्यासोबत नापास झालेल्या आणखी दोघी-तिघी होत्या, सगळ्या तिच्या लेकीच्या वयाच्या. काही प्रश्न अवघड नव्हते, काही होते. शेवटचा प्रश्न तिचा अर्धा राहिला, कारण हात दुखत होता. बाहेर आल्यावर सुलोचना सिस्टरने पेपर कसा गेला म्हणून विचारलं. धुरपता म्हणाली, "आता जे येत होतं ते लिहिलं सिस्टर. याच्यापेक्षा जास्त माझ्यात नाई." सिस्टरने तिला चहा पाजला, आणि स्वतःचा चहा तसाच टाकून वॉर्डात गेली.

ती पास झाली. काठावर, पण झाली. पुढे मुंबईच्या कौन्सिलकडून नोंदणीचा नंबर यायला दिवाळी उलटून गेली. बापूरावाने गिरणीत पेढे वाटले. लहानू घरी आला, वाकून वहिनीच्या पाया पडला आणि म्हणाला, "वयनी, आता तुले कोनी दाई म्हनलं तं मले सांगजो." धुरपताला त्याचं हसूही आलं आणि भरूनही आलं.

पण नेमणुकीचा हुकूम आला तो नाचणगावचा नव्हता. नोंदणी झालेल्या नर्सला शक्यतो तिच्या गावात ठेवायचं नाही, असं सभेचं धोरण होतं; कमलाच्या वेळी दुसरी बाईच मिळत नव्हती, म्हणून ते चालवून घेतलं होतं. धुरपताला वर्ध्याजवळच्या सावंगीला पाठवलं आणि नाचणगावला हिंगणघाटकडची एक नवी पोरगी आली. कमला मोकळी झाली, वर्ध्याच्या दवाखान्यात रुजू झाली. ज्या गावाची नर्स व्हायचं म्हणून धुरपताने एवढं केलं, ते गावच सुटलं. तिने बदलीसाठी अर्ज करावा असं लहानूचं म्हणणं होतं. ती म्हणाली, करीन पुढे कधी. आत्ता माझ्यात अर्ज लिहायचं बळ नाही.

सावंगी तेव्हा शेतांमधलं लहानसं गाव होतं. केंद्र म्हणजे चावडीशेजारची खोली. बापूराव सुट्टीच्या दिवशी पुलगावहून गाडीने वर्ध्याला यायचा आणि तिथून चालत. इथे तिची सासू कोणी पाहिली नव्हती, ती कोणाची कोण हे कोणाला ठाऊक नव्हतं. लोक तिला नर्सबाई म्हणायचे. पहिले काही दिवस ती हाक ऐकून धुरपता मागे वळून पाहायची. जात विचारणारे इथेही होते. विचारलं की ती बौद्ध म्हणून सांगायची, आणि मग ज्याला यायचं तो यायचा, ज्याला नाही तो यायचा नाही. ज्यांना नड असायची ते यायचेच. ती कोणाकडे मागच्या बाजूने गेली नाही. त्यासाठी भांडावं मात्र तिला दर वेळी लागलं, आणि दर वेळी त्यात ती दमून गेली.

पौषातल्या एका रविवारी कमला भेटायला आली. मॅट्रिकचं भूमितीचं पुस्तक बरोबर आणलं होतं. दवाखान्यात रात्रपाळी करून ती तशीच आली होती, डोळे आत गेले होते. म्हणाली, इथे शांत आहे, आज दिवसभर वाचते. धुरपताने तिला भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. सुलोचना सिस्टरची बदली होणार असं ऐकलं होतं, ते कमलाने सांगितलं. नवी ट्यूटर आपल्याला नागपूरला पाठवील की नाही, याची तिला धास्ती होती. धुरपता म्हणाली, पाठवील. मग आणखी एक भाकरी वाढत म्हणाली, "अन् नाई पाठवलं तं तू जाशीन. तुले रस्ता मालूम हाय."

कमला खाटेवर पुस्तक उघडून बसली. पहिलं पान उलटायच्या आत तिची मान कलली. धुरपताने तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, उशी सरकवली आणि अंगावर घोंगडी टाकली.

गावात दोन ठिकाणी बाळंतिणी बघायच्या होत्या आणि एका घरी लस टोचायची राहिली होती. कमलाला सोबत नेलं असतं तर काम निम्म्या वेळात झालं असतं. धुरपताने पिशवीत सगळं आहे ना ते पाहिलं, पाठीवर हात ठेवून जरा सरळ झाली, आणि दाराची कडी न वाजवता बाहेर पडली.